होडीचं तेल

मॅट्रिकच्या वर्षी मालवणात आमच्या दारी रोज संध्याकाळी एक मासेवाली येई. बुजरेपणामुळे मी तिचं नावही विचारलं नाही. पाटी उतरवली की ती सोबतच्या लहान लेकीसमोर बोटं धरी. "किती गो?" दिवस कलला की मुलीला दिसेनासं होई, आणि उत्तर चुकायचं.

एकदा मी धीर करून म्हटलं, "आमच्या इंग्रजी पुस्तकात आहे. शार्कच्या, म्हणजे तुमच्या मोरी माशाच्या, काळजाचं तेल तिच्या पेजेत चमचाभर घाला. डोळ्यांना लागणारं जीवनसत्त्व त्यात असतं."

"बाय, ता तेल होडयेक लावतत, किडो मरूक!" ती हसली, मग मुलीकडे वळून बघितलं. "आधी मी पितंय. माका काय झाला नाय, तर तिका."

चार दिवस ती आलीच नाही. मी पुस्तकातलं ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. पाचव्या दिवशी दिसली, म्हणाली, "आजपासून तिच्या पेजेत."

मग रोज मी पडद्याआडून त्या बोटांकडे बघे. पुस्तक चुकलं असलं तर?

कितीतरी दिवसांनी, अशाच अंधारत्या वेळी, तिने तीन बोटं धरली. मुलगी बराच वेळ बघत राहिली.

"तीन," ती म्हणाली. "पण तुजो हात कित्याक कापता गो, आये?"