उजवा पीळ

हाताची पाठ पुढे करायची. तळवा नाही, पाठ. जनावराच्या नाकापासून थोडी लांब धरायची आणि गप्प उभं राहायचं. जनावर आपण होऊन पुढे येतं, हुंगतं, फुस्स करतं, मग त्याच्या अंगाला हात लावायचा. आमच्या गल्लीतली डॉक्टरीण प्रत्येक जनावरापुढे अशी उभी राहायची. म्हशीपुढे, गल्लीच्या कुत्र्यापुढे, भाजीवाल्याच्या घोड्यापुढेसुद्धा. मी एकदा म्हणालो, "काय गं, देवळात प्रसाद मागतेस काय?"

"प्रसाद तळव्यावर घेतात, काका. मी ओळख मागतेय."

डॉक्टरीण हे नाव गल्लीनं तिला पास व्हायच्या फार आधी देऊन टाकलं होतं, ते चिडवायला. इंदुरात छत्रीबागेत आमच्या समोरच तिचं घर. वडील आमच्याच मिलमध्ये हजेरीबाबू. मुलगी रोज सकाळी मीटरगेजच्या छोट्या रेल्वेनं महूला जायची, जनावरांची डॉक्टरी शिकायला. तिच्या आईला ती बँकेत हवी होती. संध्याकाळी मुलगी फिनेल आणि शेणाचा वास घेऊन परत यायची आणि आई तिला दारातच उभी करायची, "आधी आंघोळ, मग घर."

माझं म्हणाल तर चौथी पास. पुढचं सगळं मिलनं शिकवलं. जन्म रिंग-फ्रेमवर गेला, सूत कातण्यात. धागा चिमटीत धरून त्याला पीळ कुठल्या अंगाचा आणि कितपत, हे मी डोळे मिटून सांगायचो. आजही सांगेन. खोटं वाटत असेल तर सूत घेऊन या.

मग मिल बंद पडली. तुमच्यापैकी ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिले त्यांना एवढंच सांगतो की बंद पडली असं कुणीच म्हणत नव्हतं. फाटकावर रोज माणसं जमायची आणि रोज नवा माणूस येऊन सांगायचा, होईल चालू. युनियनवाला सांगायचा, साहेब सांगायचा, निवडणुकीला उभा असलेला सांगायचा. माझा मिलमधला जोडीदार नन्नू भिया तर सगळ्यांच्या वर. बीडी पेटवून म्हणायचा, "अगले महीने चालू समझो, भिया. पक्की खबर है."

त्या पक्क्या खबरेवर किती दिवस बसणार? मी म्हैस घेतली. घरामागे नदीच्या बाजूला मोकळी जागा होती, तिथं टिनाचं छप्पर घातलं. बायको म्हणाली, "तुम्हाला दूध काढता येतं?" मी म्हणालो, "सूत काढता येतं, दूध काय अवघड आहे?" अवघड होतं. पण ते तिला कशाला सांगू.

म्हैस आली तशी डॉक्टरीण आमच्याकडे पडीक झाली. तिचं शेवटचं वर्ष होतं. माझ्या खाटेच्या पायाला दोरी बांधून गाठी मारत बसायची. जनावरानं कितीही ओढलं तरी न सुटणारी, पण आपण एक टोक खेचलं की झटक्यात सुटणारी अशी गाठ. शंभरदा बांधायची, सोडायची. गाठ बसली की पुटपुटायची, "आणि त्या वेळी नाही सुटली तर?" परीक्षा जवळ आली तशी ती आमच्या ओट्यावर बसून पुस्तक मोठ्यानं वाचायची आणि मध्येच थांबायची.

"काका, खेड्यात पहिल्यांदा जाईन ना, तर लोक माझ्या मागे बघतील. डॉक्टर कुठंय म्हणून."

"बघणारच. बांगडीच्या मापाचा हात तुझा. म्हशीत घालणार कसा?"

"छोटा हात बरा असतो. म्हशीला विचारा."

मी कशाला विचारू.

म्हैस गाभण राहिली का, हे मात्र मी तिला विचारलं. तिनं खांद्यापर्यंत हात धुतले, तपासलं, पुन्हा धुतले आणि म्हणाली, "वाटतंय. पण अजून सांगता येत नाही, काका."

आता तुम्हीच बघा. मी म्हटलं, "इतकी वर्षं शिकून सांगता येत नाही? मग शिकलीस काय?"

"कधी सांगता येत नाही, तेच शिकले."

ही तिची सवयच होती. काहीही विचारा, सांगता येत नाही. पास होशील? सांगता येत नाही. नोकरी लागेल? सरकारी भरती बंद आहे, सांगता येत नाही. एकदा नन्नू भिया तिच्या तोंडावर म्हणाला, "मिल अगले महीने चालू, डॉक्टरनी! बाबूजी को बोल देना." तर ही शांतपणे म्हणाली, "ते सांगता येत नाही, भिया." नन्नूची बीडी विझली. मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू, फार राग आला. सगळं जग दोन गोड शब्द बोलत होतं, हिला काय झालं होतं?

निकाल लागला, पास झाली. सर्टिफिकेटाचा कागद हातात यायचा होता. आणि त्याच दिवसांत रंगपंचमीला म्हैस अडली.

इंदूरची रंगपंचमी म्हणजे काय, बाहेरच्यांना कळायचं नाही. गेर म्हणजे रंगाची मिरवणूक निघते, पाण्याच्या तोफा उडतात, अख्खं गाव राजवाड्याकडे लोटतं आणि कृष्णपुऱ्याच्या पुलावरून सायकलसुद्धा जात नाही. म्हैस सकाळपासून उठबस करत होती. कळा आल्या आणि थांबल्या. पाणी नाही, काही नाही. पोटाकडे मान वळवून बघायची आणि मागचा पाय आपटायची. जनावरांच्या दवाखान्याला कुलूप. तिथले जुने डॉक्टर गर्दीपलीकडे जुन्या इंदुरात अडकलेले. घरात चूल पेटत होती ती या म्हशीच्या आशेवर. व्याली तर दूध. मेली तर नदीकाठचं रिकामं टिन.

मी समोर जाऊन दार वाजवलं. तिची आई म्हणाली, "अहो, तिच्या हाती अजून कागद नाही. काही झालं तर?"

डॉक्टरीण मागून आली. बाह्या वर सारलेल्या. "साबण आणि तेल काढून ठेवा, काका," एवढंच म्हणाली.

आधी हाताची पाठ. म्हशीनं हुंगलं. मग डॉक्टरीण मागे गेली आणि तो बांगडीच्या मापाचा हात आत घातला. डोळे मिटून उभी. मी विचारलं, "होईल ना?" तिनं हात आणखी आत सरकवला. खूप वेळानं हात बाहेर काढला.

"गर्भपिशवीला पीळ पडलाय. पारडाची वाटच मुरगळलीय. उजव्या अंगाचा पीळ. म्हशीला पाडून लोळवावं लागेल. माणसं हवीत. आणि एक लांब फळी."

माणसांची काय कमी? मिल बंद, सगळे गल्लीतच. नन्नू भिया आला, त्याच्याबरोबर आमच्या खात्यातले सात-आठ जण. कुणी हिरवा, कुणी जांभळा, नन्नूचे तर दातसुद्धा लाल. म्हशीनं त्यांना बघितलं आणि दावं तोडायच्या बेतात आली.

"सगळे तोंड धुऊन या," डॉक्टरीण ओरडली. "ती घाबरतेय!"

"अरे, हमको देख के तो घरवाली भी नहीं डरती," नन्नू पुटपुटला, पण नळाकडे गेला.

तिनं पुढचे दोन पाय एकत्र, मागचे दोन एकत्र बांधले. खाटेच्या पायावर बांधायची तीच गाठ. म्हैस उजव्या कुशीवर पाडली. एकाला डोक्यापाशी बसवलं. पोटावर फळी तिरकी टेकवली, आणि सगळ्यांत जड म्हणून नन्नूला फळीवर चढवलं. म्हणाली, "आता पाय ओढून पाठीवरून पलटी करायची. उजवीकडेच."

मी म्हटलं, "थांब."

सगळे थांबले.

"पीळ उजवा म्हणतेस ना? मग डावीकडे फिरव. उजवा पीळ उजवीकडे फिरवलास तर आणखी आवळेल."

"बरोबर बोल रिया है," मागून आमच्या खात्यातला एक जण म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. तिथं उभा असलेला प्रत्येक जण सुतात मुरलेला. पीळ उलट्या अंगानं सोडतात, हे आमच्या बोटांना ठाऊक.

तिनं कोपरापर्यंत माखलेला हात फळीवर टेकला. 

"नाही काका. सूत असतं तर तुमचं खरं. इथं पिशवी नाही फिरवायची. ती फळीखाली दाबून जागेवर ठेवायची आणि म्हैस तिच्या मागे न्यायची. आत जे फिरलंय ते फिरलंय. बाकीच्या अंगानं त्याला जाऊन गाठायचं."

"मुली, माझा जन्म पिळात गेलाय."

"सूत तुमचं होतं. म्हैस आता माझी आहे."

तिनं दोरीचं टोक माझ्यापुढे केलं. लांबून गेरीचे ढोल ऐकू येत होते. मग नन्नू फळीवरून म्हणाला, "डॉक्टरनी, चुकली तर?"

"चुकू शकते," ती म्हणाली. "ओढा."

मी दोरी धरली. धरली म्हणजे पटलं असं नाही. म्हैस मरत होती, म्हणून धरली. सगळ्यांनी जोर लावला, म्हैस पाठीवरून धप्पकन पलटली, नन्नू फळीवर नाचल्यासारखा डुलला. डॉक्टरीण गुडघ्यांवर बसली, हात आत. मान हलवली, नाही. पुन्हा पहिल्यासारखी कुशीवर घेतली, पुन्हा फळी, पुन्हा ओढलं. पुन्हा हात. या वेळी डॉक्टरिणीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मला वाटलं, गेली म्हैस. तेवढ्यात म्हशीच्या पोटात कोंडलेलं पाणी डॉक्टरिणीच्या खांद्यावरून वाहिलं.

"सुटला," ती म्हणाली. "काका, सुटला."

तिनं दोरीचं टोक खेचलं, गाठी झटक्यात सुटल्या. पारडू थोड्या वेळानं बाहेर आलं. मेलेलं होतं. तिनं त्याच्या नाकातोंडातली घाण काढली, छाती चोळली, मागचे पाय धरून उलटं टांगलं. नाही. म्हैस उठून उभी राहिली आणि ते चाटायला लागली. नन्नू भियानं तोंड फिरवलं.

डॉक्टरीण नळाखाली हात धूत बसली. हात केव्हाच स्वच्छ निघाले होते, तरी धूत होती. बायकोनं चहा दिला. मी जवळ गेलो. पारडू नसेल तर म्हैस पान्हा सोडत नाही, हे मला ठाऊक होतं. "दूध देईल का?" मी विचारलं.

"सांगता येत नाही, काका."

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या शब्दांचा राग आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज पहाटे यायची. म्हशीपुढे हाताची पाठ धरून उभी राहायची, माझी बायको कास धुऊन खाली बसायची. पहिले दिवस कोरडे गेले. मग एका सकाळी बादलीत धार वाजली. आम्ही तिघंही बोललो नाही, न जाणो म्हैस ऐकायची.

पिळाबद्दल सांगतो. मी चुकलो असं नन्नू गल्लीभर सांगत फिरला. मी चुकलो नाही. सुताचा पीळ आजही उलटाच सुटतो. म्हशीची गोष्ट वेगळी, एवढंच.

तिची नोकरीची ऑर्डर आली तेव्हा हजेरीबाबूंनी ती तीनदा वाचली. झाबुआच्या बाजूचं गाव, दवाखान्याची एक खोली, ती एकटी. आईचं रडणं थांबेना. बाबूंचे गुडघे गेलेले, म्हणून बसपर्यंत ट्रंक मी नेली. वाटेत तिनं दोनदा थांबून ट्रंक उघडली, दोरी घेतली का ते बघायला. बसमध्ये खिडकीशी बसली आणि एकदम म्हणाली, "काका, जमेल ना मला?"

होईल, हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता. मिलच्या फाटकावर मला तो रोज मिळत होता. अजूनही मिळत होता.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि मग हसली, किती दिवसांनी. बस घरघरली. खिडकीतून तिचा हात बाहेर आला. तळवा नाही, पाठ. माझ्या तोंडासमोर धरला आणि गप्प राहिली.

बसच्या अड्ड्यावर इतकी माणसं. मी काय म्हैस आहे?

पण मी पुढे झालो.