काळ्या पट्ट्यांखालचा अर्ज

राज्याचे दोन भाग झाले त्या वर्षी हैदराबादच्या सरकारी कचेऱ्यांत माणसांपेक्षा कपाटं जास्त हलत होती. कुठल्या राज्यात जायचं ते कर्मचाऱ्यांकडून लिहून घेत होते आणि टीव्हीवर दिवसभर त्याचीच चर्चा. माझी आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तारनाक्याच्या आमच्या घरात ती टीव्ही बघत नसे, त्याच्याशी भांडत असे. त्या दिवशी मात्र गप्प बसून बघत राहिली आणि मग म्हणाली, "तुझ्या वडिलांनीही असा कागद भरला होता. तो मला बघायचाय."

कुठला कागद ते विचारायची गरज नव्हती. छप्पन साली जुन्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, तेव्हा वडील एका सरकारी खात्यात कारकून होते. त्यांनी मराठवाड्यात जायचा पर्याय लिहून दिला होता. आईचं माहेर परभणीकडचं, तिनं भांडीसुद्धा पोत्यात बांधून ठेवली होती. मग एक दिवस वडील घरी येऊन म्हणाले, सरकारनं नाही पाठवलं. भांडी पुन्हा फळीवर गेली. दोनेक वर्षांनी मामांनी कचेरीतल्या कुणाकडून तरी शोध लावला की सरकारनं नाकारलंच नव्हतं, वडिलांनी स्वतःच पर्याय मागे घेतला होता.

तेव्हापासून आई त्यांना तोंडावर खोटारडे म्हणायची. यांना शहराची चटक लागली, इराण्याचा चहा सुटेना, म्हणून मला माझ्या माणसांपासून तोडलं, असं तिचं म्हणणं. तिची आई गेली तेव्हा ती तिसऱ्या दिवशी पोचली, तेही वडिलांच्याच खात्यावर जमा झालं. सण असो, सोयरीक असो, गाडी त्या विषयावर यायचीच. वडील ऐकून घ्यायचे आणि पिशवी उचलून बेगम बाजारला निघून जायचे. मला ती गुन्ह्याची कबुली वाटायची. मी पहिल्यापासून आईच्या बाजूची. वडील गेले तेव्हाही हा हिशेब मिटलेला नव्हता.

मी रेल्वेतून नुकतीच, मुदतीच्या थोडी आधी, निवृत्त झाले होते. तीस वर्षं फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवल्यामुळे त्यांच्याबद्दल मला भीती नव्हती आणि आदरही नव्हता. माझ्या नावानं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. फाइल सापडणार नाही अशी माझी खात्री होती, पण महिन्याभरात उत्तर आलं. एका पानाची झेरॉक्स. वडिलांचं तिरकं इंग्रजी अक्षर. माझा मराठवाड्याचा पर्याय मी मागे घेत आहे, कारण... आणि तिथून पुढच्या सहा ओळींवर काळ्या पट्ट्या. खाली सही. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की त्रयस्थ व्यक्तीची खाजगी माहिती देता येत नाही.

मी तो कागद खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. झेरॉक्समधून काय दिसणार, कपाळ! पण धरला खरा. आईनं सगळं समजून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "त्रयस्थ व्यक्ती म्हणजे बाई का?"

मी म्हटलं, तसं काही नसेल. पण मला तरी काय माहीत होतं? त्यानंतर ती त्या विषयावर बोलेनाशी झाली. तिचं बोलणं मी जन्मभर ऐकत आले होते, तिचं हे गप्प राहणं मला सोसवेना. माणूस जाऊन बारा वर्षं झाल्यावर तिला सवतीच्या संशयात ढकलणारी मीच होते. फाइल वाटणीत कुठे जाईल याचाही नेम नव्हता.

मी अपील केलं. दोन पानं भरून लिहिलं की प्रकरण साठ वर्षांपूर्वीचं आहे, ती व्यक्ती जी कोण असेल ती बहुधा जगात नाही, आणि मेलेल्या माणसाला लाजण्याचं कारण नाही. वाक्य मला फार आवडलं होतं. सुनावणीची तारीख लागली तेव्हा आई इस्त्रीची साडी नेसून माझ्याआधी दारात उभी.

अपिलाचे अधिकारी तेलुगू होते, बोलायला सभ्य. त्यांच्या दारावर दोन्ही राज्यांच्या पाट्या होत्या. कारकुनानं आधीच मला समजावलं होतं, "थर्ड पार्टी का मामला है मॅडम, जिद नक्को करो." साहेबांनी मूळ फाइल उघडून पट्ट्यांखालचा मजकूर स्वतः वाचला, वाचायला वेळ घेतला. मग म्हणाले की ही माहिती त्या कर्मचाऱ्याच्या पत्नीबद्दल आहे, तिच्या संमतीशिवाय देता येत नाही, आणि ती हयात आहे की नाही याची आमच्याकडे नोंद नाही.

आईनं पिशवीतून फॅमिली पेन्शनचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "तो मेरेकू पूछो ना साब. वो मैंइच हूँ."

पेन्शन देताना ती सरकारला हयात होती, माहिती देताना नव्हती. साहेबांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि संमती लिहून द्यायला सांगितली. आईनं ती मराठीत लिहिली. त्या खोलीत आम्हा दोघींखेरीज ती कुणालाच वाचता येत नव्हती, तरी तिच्यावर शिक्का बसला आणि फाइल माझ्यापुढे सरकली.

मी आधी मनात वाचलं. मग आईला मराठीत सांगितलं, की पत्नी आजारी आहे, उपचार इथेच चालू आहेत, ते थांबले तर वर्षभर जगण्याची खात्री डॉक्टर देत नाहीत, म्हणून पर्याय मागे घेत आहे.

"कोणता आजार?"

तो शब्द मीच गाळला होता. क्षय, मी म्हटलं. माझ्या जन्मानंतर आई वर्षभर इंजेक्शनं घेत होती. घरात सगळे त्याला बाळंतपणातला अशक्तपणा म्हणत, तीही तेच म्हणत आली होती.

"पुढे वाच."

संपलं, मी म्हटलं.

"मला इंग्रजी येत नाही," आई म्हणाली, "ओळी मोजता येतात."

मग मी शेवटची ओळ वाचली. पत्नीला आजाराचं नाव सांगितलेलं नाही, ती धास्ती घेईल, तरी हा अर्ज तिच्या माहेरच्यांना किंवा कुणालाही दाखवू नये ही विनंती. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

आईला बाहेर बाकावर बसवलं. समोरून हमाल कपाट ओढत नेत होते, ते जाईपर्यंत ती थांबली. "चाळीस वर्षं मी त्यांना खोटारडे म्हटलं," ती म्हणाली. "एकदा तरी सांगायचं. मी बरी झाल्यावर तरी सांगायचं."

मला शरम वाटत होती. वडिलांच्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या उशाशी बसून विचारलं होतं, बाबा, आता तरी खरं सांगा, का नाही गेलात? त्यांनी दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आई जेवली का बघ." ते विषय टाळतायत असं वाटून मी रागानं उठून गेले होते.