आईची कवळी
हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आज किराणा दुकानात लवंगतेलाचा वास आला आणि राहवेना. नेरळच्या दातांच्या डॉक्टरांकडे आम्ही आईच्या कवळीचं माप देऊन आलो होतो. घरी पोशीरला ती रोज विचारायची, "माजे दात कदी आणायचे रं?" मी म्हणायचो, "लावणी होऊ दे." लावणी झाली, कापणीही झाली, आणि आई पेज पीतच गेली. तेराव्यानंतर माझीच दाढ ठणकली म्हणून तिथं गेलो. तोंडात कापूस आणि नळी, आणि डॉक्टर गप्पांच्या रंगात. माझं चकोट डोकं बघून म्हणाले, "तिरुपतीला जाऊन आलात वाटतं? आईंनाही नेलंत ना?" बोलता येत नव्हतं, मी मान हलवली. "छान. त्यांची कवळी कधीची तयार आहे, आता घेऊनच या त्यांना." मी पुन्हा मान हलवली. कापूस निघाल्यावर खरं सांगता आलं असतं, पण मग त्यांनी विचारलं असतं, इतके दिवस का नाही आणलंत? मी चूळ भरली, "आणतो" म्हणालो आणि उतरलो. त्याला आता बरीच वर्षं झाली. आई गेली हे डॉक्टरांना सांगणं आणि तिची कवळी घरी आणणं, एवढं माझ्याकडून अजून व्हायचं आहे.