पुलावरच्या माणसाचं लग्न

सर्जनशील लेखनाच्या एम.ए.साठी मी मेढ्याहून सांगलीला आले, तेव्हा माधवनगरात मावशीकडे राहायचं ठरलं. मावशी डब्यांसाठी चपात्या करून देते. सकाळी दीडशे. हात गुंतलेले, कान मोकळे.

पहिल्याच सत्रात मॅडमनी एक परदेशी कादंबरी वाचायला नेमली. मराठी अनुवाद, साडेचारशे पानं. नायक पुलावर उभा राहतो आणि खिशातलं पत्र नायिकेला पाठवावं की नाही, याचा विचार करतो. साठ पानं झाली तरी पुलावरच. वाचताना मला डुलक्या यायच्या, म्हणून मी स्वयंपाकघरात बसून मोठ्यानं वाचायला लागले.

मावशीनं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी लाटणं थांबलं.

"आजून पुलावरच उभारलाय व्हय गं?"

"हो. विचार करतोय."

"जेवलाय का त्यो?"

मी मागची पानं चाळली. कुठंच जेवला नव्हता.

"मग डोकं कसं चालंल त्याचं?"

मला अभ्यासाची गोडी लागली ती तिथं. एरवी मी रोज चार पानं रेटली असती. आता मावशीच "फुडं वाच की" म्हणून सहाला उठवायची. नायिकेचा तिला फार कळवळा. "सोन्यासारखी पोरगी वाट बघतीया, आन ह्यो बाबा नदी बघतोय!"

शेवट मात्र मी कॉलेजात एकटीनंच वाचला. पत्र नदीत पडतं, ती गाव सोडून जाते, तो तिथंच. हे मावशीला सांगायची माझी छाती होईना. दुसऱ्या दिवशी पुस्तक समोर धरलं आणि चक्क मनानं वाचलं: त्यानं पत्र टाकलं, ती आली, दोन्हीकडची माणसं बसली, सुपारी फुटली.

"लगीन कुठं झालं?"

"मिरजेला," माझ्या तोंडून निघून गेलं.

मावशीला त्यात काही वावगं वाटलं नाही. "हॉल चांगलं हायती तिकडं," म्हणाली, आणि तिनं शिरा केला. शेजारीही दोन वाट्या पाठवल्या.

त्याच दिवशी वर्गात मॅडमनी शेवटावर बोलायला मला उभं केलं.

"लग्न होतं," मी म्हणाले. "मिरजेला."

वर्गात हशा पिकला. मॅडमनी शांतपणे विचारलं, "कोणत्या पानावर?"

मग सगळं सांगावं लागलं. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. हसून हसून त्यांना बोलता येईना. शेवटी म्हणाल्या, "वाचनात शून्य. पण हा शेवट लिहून आणा, लेखनात बघू."

लेखनात मला दहापैकी आठ मिळाले.

पुढच्या महिन्यात कवितासंग्रह लागला. मावशीनं दोन कविता ऐकल्या आणि म्हणाली, "ह्यात माणूसच न्हाई की गं कुणी." तेवढा मी खोलीत एकटीनं वाचला, पाच वेळा झोपून उठून.