लाइनीचा उपास

मे महिन्यात आर्णीतल्या कोणत्याही घरात जा, घरात सत्ता कोणाची ते विचारावं लागत नाही. दुपारी दोन वाजता कूलरसमोरच्या दिवाणावर कोण झोपलं आहे, एवढं पाहायचं. आमच्या घरी माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, अन् बावीसही मे महिने त्या दिवाणावर माझी नणंद झोपली.

ती पुण्याला असते. माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, म्हणजे माझ्याहूनही लहानच; पण नणंद ती नणंद, म्हणून मी तिला ताई म्हणते अन् ती मला वहिनी. दर मे महिन्यात पंधरा दिवस माहेरपणाला येते. बॅग ठेवते, चप्पल काढते अन् दिवाणावर आडवी होते. माहेरवाशिणीचा मान आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. म्हणणं एवढंच, की त्या कूलरात सकाळी सहा अन् दुपारी चार बादल्या पाणी मी ओतते, त्याची खस मी बदलते, अन् झोपायची वेळ झाली की मी स्वयंपाकघरातल्या पंख्याखाली. तो पंखा वारा देत नाही. इकडची गरमी तिकडे नेऊन ठेवतो, बस.

यंदा ती आली त्याच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी वीज गेली. मी सवयीनं ओरडले, "लाइन गेली वो!"

ताई दिवाणावरून म्हणाली, "वहिनी, लाईट गेले म्हणावं गं. लाइन काय? सकाळपासून मोजतेय मी. नळाची लाइन फुटली, बँकेत लाइन होती, सोनारांची गल्ली ती सराफा लाइन, शेजारचा मुलगा लाइनीला लागला. सतरा वेळा झालं. तुमच्याकडे एकच शब्द आहे का?"

तुमच्याकडे! ह्याच घरात जन्मली, ह्याच मोरीत हिच्या आईनं हिचं नाक धुतलं, अन् आता तुमच्याकडे! माझं डोकं सटकलं. एरवी मी बोलत नाही, पण पंचेचाळीस डिग्रीत माणसाच्या तोंडावर माणसाचा ताबा राहत नाही.

"उद्या दिवसभर नाही म्हणत," मी म्हटलं. "सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत. एकदा जरी तोंडातून निघालं तर जलमभर दिवाण तुमचा. नाही निघालं तर हे उरलेले दिवस मी झोपतो तिथं अन् तुमी पंख्याखाली."

ताईला तर हसूच आवरेना. पंच म्हणून आमच्या ह्यांना बसवलं. ह्यांचं घराच्या पुढच्या खोलीत जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करायचं दुकान आहे, म्हणजे हा शब्द त्यांच्या धंद्यातलं मीठ. ते म्हणाले, "अवो, कायले पडून राह्यली ह्या भानगडीत? तीन लाइनीची मोटार एका लाइनीवर चालत नाही. तुले नाही जमत."

त्यांनी असं म्हटल्यावर तर मी जीव गेला तरी माघार घेणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवला अन् उपास सुरू झाला. ताई आयुष्यात पहिल्यांदा दिवाण सोडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली, हातात वही-पेन. पाचव्या मिनिटाला भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "वहिनी, तुमच्या लाइनीले नळ आले काय?"

"आमच्या बाजूच्या... नळीले आले," मी म्हटलं. शेजारणीनं भिंतीवरून डोकं वर काढलं. मग तिनं विचारलं, "तब्येत बरी हाय ना?"

ताईनं परीक्षा सुरू केली. तळहात पुढे करून म्हणे, "ही आयुष्याची काय गं?" मी म्हटलं, रेघ. "बँकेत लोकांची?" रांग. "वहीत?" ओळ. "शेतात तुरीची?" तास, पेरणीचं. पहिला तासभर मला स्वतःचंच कौतुक वाटलं. शाळेत घातलेलं इतकं सामान डोक्यात पडून आहे, हे मलाच माहीत नव्हतं. पण अकरा वाजेपर्यंत कानशिलं दुखायला लागली. एका शब्दात भागत होतं त्याला आता डझनभर शब्द लागायचे. प्रत्येक शोधा, झटका, वापरा अन् जागेवर ठेवा. मग मला त्या शब्दाची खरंच कीव आली. नळावर तोच, बँकेत तोच, पोरीच्या मागं फिरायला तोच, दिव्यात तोच, पोरगं कामाला लागलं तर तोच, अन् वरून बोलणी कोणाला? त्यालाच. घरात असं आणखी एक माणूस आहे. नाव सांगत नाही.

मी घरी शिलाई करते. साडेअकराला एक गिऱ्हाईक आलं, चांगली भरल्या अंगाची बाई, कापड घेऊन. तिला ए-लाइन कुर्ता पाहिजे होता. तिनं तसं म्हटलंही, पण माप लिहून घेताना खातरी करून घ्यायची माझी पद्धत आहे. मी म्हटलं, "म्हणजे तो वरून आवळ अन् खाली पसरट ना? तंबूसारखा?"

"तंबू?" ती बाई म्हणाली. "माह्या अंगाकडे पाहून बोलून राह्यली काय वो?"

"नाही जी! तो तसाच असते, इंग्रजीतल्या पहिल्या अक्षरासारखा..."

"मले अक्षर वाचता येते," म्हणाली अन् कापड उचलून गेली. उंबऱ्यावर ताई तोंडात ओढणी कोंबून हसत होती. मला इतका राग आला, की भाजीत दोनदा मीठ पडलं.

तेवढ्यात पुसदहून माझ्या भावाचा फोन. माझ्या पोराला नुकतीच नागपुरात नोकरी लागली, त्याचीच चौकशी. "काय वो बाई, भाचा लाइनीले लागला म्हणे?"

"हो, मार्गाले लागला."

"कोण्या मार्गाले?" भाऊ घाबरला. "बुवा होऊन राह्यला काय तो? लगन नाही करत म्हणते काय?" त्याला समजवायला मला दहा मिनिटं लागली, अन् तरी त्यानं संध्याकाळी परत फोन करून पोराच्या गळ्यात माळ आहे का, ते विचारलंच.

बारा वाजून गेले असतील, अन् व्हायचं तेच झालं. कूलरनं मोठा सुस्कारा टाकला अन् बंद पडला.

आमच्या गल्लीचा एक रिवाज आहे. वीज गेली की प्रत्येकानं दारात यायचं अन् दुसऱ्याला विचारायचं, "तुमची हाय का?" दुसऱ्याचीही गेली असली की जिवाला बरं वाटतं. सगळीकडून एकच गलका उठला, "लाइन गेली वो, लाइन गेली!" माझ्या जिभेच्या टोकावर तो शब्द येऊन बसला होता. मी धावत माठाकडे गेले, तोंडभर पाणी घेतलं अन् गाल फुगवून दारात उभी राहिले.

"वहिनी, तुमची बी गेली काय?" शेजारणीनं विचारलं. मी मान हलवली. तिनं माझ्या गालांकडे पाहिलं. "दाढ दुखते काय?" मी परत मान हलवली.

गल्लीच्या कोपऱ्यावरची विजेची डीपी जळाली होती म्हणे. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. ताई बंद कूलरसमोर पडून माझे गुण मांडायच्या वहीनंच वारा घेत होती. मी फरशीवर ओली चादर टाकून बसले होते. पाणी गिळलं की माठातून नवीन घोट भरून घ्यायची. जायच्या वेळेची मला भीती नव्हती, ती निभावली. भीती होती यायच्या वेळेची. कारण वीज आली की आमच्या गल्लीत कोणी ठरवून ओरडत नाही, ओरडणं आपोआप निघतं. आमच्याकडचे एक गुरुजी पूजेला बसले असताना आरती सोडून ओरडले होते.

साडेपाचच्या सुमाराला पंखा हलला. कूलर घरघरला. गल्लीच्या त्या टोकापासून आरडाओरडा सुरू झाला. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, डोळे मिटले, अन् माझ्या कानाशी कोणीतरी किंचाळलं, "लाइन आलीऽऽ! लाइन आली वो माय!"

डोळे उघडून पाहते तर ताई. दिवाणावर उभी, दोन्ही हात वर, केस सुटलेले. पंचवीस वर्षांचं पुणं एका झटक्यात उडून गेलं होतं. माझ्या तोंडातलं सगळं पाणी कारंज्यासारखं निघालं अन् थेट तिच्या गाऊनवर. हे दुकानातून टेस्टर घेऊन धावत आले, म्हणाले, "कोणाले शॉक लागला?"

"मी नाही ओरडले," ताई खाली बसत म्हणाली. मग म्हणाली, "आणि ओरडले असले तरी शर्त वहिनीची होती, माझी नव्हती." ते खरं होतं. "पण तोंडात पाणी धरणं ही चीटिंग आहे."

आम्ही दोघी ह्यांच्याकडे पाहायला लागलो. ह्यांनी टेस्टर खिशात ठेवलं, डोकं खाजवलं, अन् बावीस वर्षांत पहिल्यांदा बहिणीसमोर माझी बाजू घेतली. "पाणी प्यायची मनाई कोणी केली नव्हती ना बाप्पा," म्हणाले. मला रडूच आलं असतं, पण अजून दिवेलागण व्हायची होती. देवाजवळ दिवा लावला, हात जोडले, अन् तिथंच बसून मी तो शब्द अकरा वेळा म्हटला. असा गोड लागला!

ताई शब्दाची पक्की निघाली. दुसऱ्या दिवशी जेवण झालं तशी उशी उचलून निमूटपणे स्वयंपाकघरात गेली. मी दिवाणावर पडले.

गार हवा छान होती, खसचा वास छान होता, पण ते काहीच नाही. कूलरच्या इतक्या जवळ त्याचा असा काही आवाज येतो, की दुसरं काहीच ऐकू येत नाही. कुकरची शिटी नाही, दाराची कडी नाही, ह्यांची हातोडी नाही, गिऱ्हाईक नाही. बावीस वर्षं मी एक कान जागा ठेवून झोपते. त्या कानाला तिथं कामच उरलं नाही. मग मला पुण्याचं तिचं घर आठवलं. तिचे सासरे सहा वर्षांपासून अंथरुणाला खिळले आहेत. त्यांच्या उशाशी एक पितळी घंटी असते, पाणी पाहिजे, कूस बदलायची, पंखा कमी करायचा, की ती वाजते. वर्षात पंधरा दिवस जाऊ सांभाळते, तेव्हा ही इकडे येते. मी आपली समजत होते, की बाई गारव्यासाठी इथं लोळते. मला फार लाज वाटली. लाज अन् झोप दोन्ही सोबतच आल्या, अन् झोप जिंकली.

उठले तेव्हा सहा वाजून गेले होते. समोर ताई उभी, चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले, हातात चहाचा कप.

"अकरा हाका मारल्या तुला," ती म्हणाली. "दोन गिऱ्हाइकं परत गेली. दूध उतू गेलं. दादाला चहा दिला. कूलरमध्ये चार बादल्या ओतल्या. कंबर गेली माझी."

"ऐकूच नाही आलं जी ताई," मी म्हटलं. देवाशपथ खरं होतं.

तिनं मनगटानं कपाळ पुसलं. मग दिवाणाच्या कडेला टेकून हळूच म्हणाली, "माहीत आहे. मलाही इथं ऐकू नाही यायचं." चहाचा एक घोट तिनंच घेतला. "पहिल्या दिवशी नाही यायचं. नंतर सगळं ऐकू यायचं."

दुसऱ्या दिवशी मी नुकतीच पडले होते. कूलर पूर्ण जोरात चालू होता, तरी स्वयंपाकघरातली पहिलीच हाक मला अगदी स्पष्ट ऐकू आली, "वहिनीऽऽ, साखर कुठं ठेवलीस गं?"

मी कूस बदलली.