मास्टरबाईंचा जबाब

चौतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर म्हणून काढलेल्या माणसाला "असंच होतं कधीकधी" असं सांगू नये. त्याला ते शिवीसारखं लागतं. डेपोच्या रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा असायचा, आणि गाडी सात मिनिटं उशिरा आली तर त्या सात मिनिटांचं कारण तिथे चढल्याशिवाय आमचा टाइमकीपर ड्रायव्हरला खुर्चीला पाठ टेकू द्यायचा नाही. टायर बसला, फाटक बंद होतं, रस्त्यात गुरं आडवी आली, काहीही चालेल, पण कारण हवं. एकाने वैतागून "नशीब माझं" असं सांगितलं, तर याने त्याला बाहेर पाठवलं आणि नीट आठवून ये म्हणाला. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती.

आणि नेमकं हेच वाक्य इंटरनेट कंपनीच्या फोनवरची बाई त्याला दर दोन दिवसांनी मधाळ आवाजात ऐकवत होती.

नेट त्याला स्वतःला कशाला हवं होतं? ते हवं होतं बायकोसाठी. ही बाई तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर होती. कापडाच्या चाळीस थरांवर खडूने रेघ मारायची आणि कात्री चालवणाऱ्याच्या डोक्यावर उभी राहायची. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मशिनींचा आवाज कमी वाटायचा, असं कारखान्यात म्हणत. सगळे तिला मास्टरबाई म्हणायचे. घरी नवराही चेष्टेने तसंच म्हणू लागला आणि तेच नाव पडून गेलं. चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, उजवा हात थोडाफार हलू लागला, पण बोलणं गेलं. समजायचं सगळं, अगदी टोमणासुद्धा समजायचा. शब्द मात्र आतच अडायचे, आणि हातात पेन दिलं तर अक्षरंही तशीच अडायची.

बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरबाई दूरच्या शहरात होत्या. तिथवर बसने पाच तास, शिवाय त्यांच्या दवाखान्याचे दोन मजले जिना. म्हणून मुलीने आपला जुना कॉम्प्युटर पाठवला, नेटची लाइन घेऊन दिली, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी अकराला पडद्यावर शिकवणी सुरू झाली. पडदा मोठाच लागायचा, ओठ कसे हलतात ते दिसायला हवं ना. फोन एवढासा, आणि घरात त्याला रेंजही धड नाही. पहिले दोन-अडीच महिने छान गेले. "हो", "नको", "बघ", "मी" असे चार शब्द परत आले. टाइमकीपरने ते तारखेसकट लिहून ठेवले होते.

मग तीन आठवड्यांपूर्वी दृष्ट लागली. नमस्कार-चमत्कार होऊन धडा सुरू होतोय न होतोय, तोच डॉक्टरबाईंचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठायचा आणि गायब व्हायचा. भिंतीवरच्या नेटच्या डबीतला हिरवा दिवा लाल झालेला असायचा. टाइमकीपर डबी बंद करून चालू करी, वायरी काढून पुन्हा खोची, कॉम्प्युटर झोपवून उठवी. दिवा लालच. शेवटी फोन घेऊन तो गॅलरीत जाई, म्हणजे रेंजही मिळे आणि आपला चढलेला आवाज मास्टरबाईंच्या कानावर पडत नसे. तिथे कंपनीच्या बाईला तो फैलावर घेई. आणि काय सांगावं, तो बोलत असतानाच आत दिवा हिरवा होई! पण तोवर अर्धा वेळ गेलेला असे आणि मास्टरबाई दमून मान टाकून बसलेल्या असत.

"म्हणजे यांच्या हातातच आहे सगळं," तो मुलीला म्हणाला. "ओरडलं की सोडतात. नाक दाबलं की तोंड उघडतं!"

"बाबा, असं नसतं हो," मुलगी म्हणाली. पण कसं असतं हे तिलाही सांगता येईना.

त्याने वही घातली. वेळ, दिवा, वायर, कॉम्प्युटर, शेरा, असे पाच रकाने पट्टीने आखले. सोमवार, अकरा वाजून तीन मिनिटं, लाल. बुधवार, अकरा-चार, लाल. शुक्रवार, अकरा-तीन, लाल. अकराला गर्दी होत असेल म्हणून मंगळवारी तो अकरा ते बारा मुलीशी बोलत बसला. नेट ठणठणीत. वायर बदलली, प्लग बदलला, डबी तीन इंच वर ठोकली. लिफ्टवर संशय घेतला आणि जिन्यात उभा राहून लिफ्टच्या फेऱ्या मोजल्या. शेजारणीच्या मिक्सरवर संशय घेतला आणि ती आठवडाभर याच्याशी बोलली नाही. निष्कर्ष एकच निघत होता की नेटचं मास्टरबाईंशी वाकडं आहे. आता हे काय शेऱ्यात लिहायचं?

पुढच्या मंगळवारी दुपारी कंपनीचा माणूस आला. जाडजूड, घामाघूम, पण माणूस वाईट नव्हता. गॅलरीतून येणारी पांढरी वायर त्याने बोटांनी अलगद धरून दाखवली.

"ही साधी वायर नाही काका, हिच्या आत केसाएवढी काच असते. काचेतून उजेड येतो, तेच तुमचं नेट. हिला मोडायचं नाही कुठे. मोडली की उजेड तिथेच अडतो."

मग हातातलं यंत्र लावून त्याने मापं घेतली आणि म्हणाला, "घोड्यासारखं पळतंय तुमचं नेट!"

"मग शिकवणीच्या वेळीच का बसतं?"

माणसाने खांदे उडवले. "असंच होतं कधीकधी."

टाइमकीपरने त्याला पाणी दिलं, कागदावर सही दिली आणि दार लावताना जे पुटपुटला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बुधवारी पुन्हा तेच, अकरा-तीनला लाल. नेट परत आल्यावर डॉक्टरबाईंनी टाइमकीपरलाच पडद्यासमोर बोलावलं. "काका, वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या सहा महिन्यांत जे परत येतं ते भराभर येतं, पुढे फार हळू. असं तुटक शिकून त्यांना काही मिळत नाहीये. माझ्याकडे अकरा जण रांगेत आहेत. शुक्रवारीही असंच झालं तर ही वेळ मला दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. तुम्ही त्यांना इकडे घेऊन या."

पाच तास बस आणि दोन मजले जिना, तेही आठवड्यातून तीनदा. मास्टरबाईंना गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणायचं तर अर्धा दिवस जायचा. म्हणजे "घेऊन या"चा अर्थ घरातल्या दोघांनाही कळला. मास्टरबाईंनी डोळे मिटून घेतले. टाइमकीपर वही उघडून बसला, पण त्याला अक्षर दिसेना.

गुरुवारी सकाळी त्याने मुलीला अर्धी रजा टाकायला लावली. "आज रंगीत तालीम. तू डॉक्टरबाई. उद्या जे जे होणार ते सगळं आज, तसंच. एक काडी इकडची तिकडे नाही."

त्याने मास्टरबाईंचे केस विंचरले, त्यांना हाताच्या खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली. अकराला मुलगी पडद्यावर आली. नमस्कार झाला. मग दर शिकवणीला ओढायचा तसं त्याने गॅलरीचं दार ओढून घेतलं. खाली तीन आठवड्यांपूर्वी ग्रिलवाल्याने दुकान थाटलं होतं आणि त्याचं लोखंड कापायचं यंत्र कानात सळई घातल्यासारखं ओरडायचं. डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं, काका, मागचा आवाज तेवढा बंद करा. फुगलेलं दार चौकटीत बसेना, तसा त्याने खांदा लावून ते गच्च बसवलं.

"आई, म्हण, पा...णी," मुलगी म्हणाली आणि गोठली.

अकरा-दोन, लाल. टाइमकीपर हाती बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरला. वरून धप् धप् आवाज येऊ लागला. मास्टरबाई डाव्या तळव्याने खुर्चीचा हात बडवत होत्या. दर वेळी करायच्या त्या असं. हात दाराकडे करायच्या, "बघ, बघ" म्हणायच्या, चिडायच्या. काल तर त्यांनी नॅपकिन फेकून मारला होता.

"कळतंय गं, उकडतंय. उघडतो हं, जरा दम धर," तो खालून म्हणाला. हेही तो दर वेळी म्हणायचा.

बाहेर येताना टेबलाची कड टाळक्यात बसली. डोकं चोळत त्याने वर पाहिलं, तर मास्टरबाई त्याच्याकडे रोखून बघत होत्या. उकडणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो. खडूची रेघ समोर असताना कात्री भलतीकडे चालवणाऱ्याकडे त्या अशा बघायच्या. तीस वर्षं अधूनमधून तो चेहरा त्यानेही घरात सोसला होता. चार महिन्यांत मात्र तो चेहरा दिसला नव्हता. की दिसत होता आणि यानेच वर पाहिलं नव्हतं?

टाइमकीपर जमिनीवरच बसून राहिला. डेपोत अपघात झाला की तो आधी काय करायचा? जबाब घ्यायचा. कंडक्टरचा, फाटकवाल्याचा, पुढच्या सीटवरच्या म्हातारीचासुद्धा. इथे तीन आठवडे दर वेळी एक बाई अगदी पुढच्या सीटवर बसून सगळं बघत होती, आणि याने लिफ्टचा जबाब घेतला, मिक्सरचा घेतला, तिचा घेतला नाही. का, तर तिला बोलता येत नाही. बोलता येत नाही म्हणजे सांगण्यासारखंही काही नसणार, असं त्याने कधी ठरवून टाकलं होतं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तो उठला, स्टूल ओढून तिच्या समोर बसला, वही मांडीवर घेतली.

"मास्टर, जबाब द्या. काय पाहिलंत?"

डावा हात दाराकडे गेला.

"उकडतंय म्हणून नाही?"

मास्टरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"बरं, बरं. दार उघडू?"

"हो."

त्याने दार उघडलं. मास्टरबाईंनी बोट डबीकडे केलं. दोघं बघत राहिली. पाऊण मिनिटात दिवा हिरवा झाला आणि मुलगी पडद्यावर येऊन "बाबा? आई?" करू लागली.

"बंद करू?"

"हो!"

दिवा लाल. उघडलं, हिरवा. बंद, लाल. टाइमकीपरने एकूण सहा वेळा केलं आणि सहाही वेळा घड्याळ लावून लिहिलं, कारण मूळ स्वभाव कुठे जाणार. मग बिजागरीच्या बाजूला वाकून पाहिलं. गॅलरीतून येणारी पांढरी वायर तिथल्याच फटीतून आत घेतलेली होती. दार एरवीसारखं उघडं असलं की मोकळी, शिकवणीसाठी गच्च लावलं की चिमट्यात. गॅलरीत जाऊन ओरडायला तो दार उघडत होता, म्हणून नेट येत होतं. कंपनीची ती बाई फुकट शिव्या खात होती बिचारी!

कंपनी दोन दिवसांनी माणूस पाठवते म्हणाली. दोन दिवस कुणाकडे होते? त्याने शिडी काढली, वायर फटीतून हळूहळू सोडवली आणि दारावरच्या झरोक्यातून आत घ्यायला लागला. कोपऱ्यावर येऊन त्याने ती काटकोनात दाबली, तोच मागून "नको!" असा कडक आवाज आला. मास्टरबाईंनी डावा हात उचलून हवेत एक मोठी, सैल गोलाई काढून दाखवली. शर्टाच्या बाहीचा घेर कापताना काढतात तशी. परवा कंपनीच्या माणसाने काचेची गोष्ट सांगितली तेव्हा त्याही ऐकत होत्या. त्याने वायरला तसाच घेर दिला. दोनदा त्यांनी काढायला लावला, तिसऱ्यांदा पास केला. संध्याकाळपर्यंत टाइमकीपरचे गुडघे बोलू लागले होते, पण दार बंद होतं आणि दिवा हिरवा होता.

शुक्रवारी अकराला डॉक्टरबाई पडद्यावर आल्या. नमस्कार झाला. टाइमकीपरने खांदा लावून दार गच्च बसवलं आणि श्वास रोखून डबीकडे बघत राहिला. अकरा-तीन. अकरा-पाच. अकरा-दहा. दिवा हलला नाही.

"अरे वा!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "सापडलं वाटतं. काय झालं होतं?"

टाइमकीपरने तोंड उघडलं. दार, बिजागरी, काच, सहा वेळा घेतलेली खात्री, सगळं जिभेच्या टोकावर होतं. पण डॉक्टरबाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या. मास्टरबाईंनी हात वर केला होता. त्याने तोंड मिटलं.

मास्टरबाईंचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. टाइमकीपरला शब्द पुरवायचा इतका मोह झाला की त्याने खालचा ओठ दातांत धरला. डॉक्टरबाई थांबल्या. खालचं लोखंडाचं यंत्र दाराआडून पुसट घरघरत होतं.

"मी..." मास्टरबाई म्हणाल्या.  मग त्यांनी मान वळवून थेट नवऱ्याकडे पाहिलं. "मी... सांग...त... होते."

झटका आल्यापासूनचं हे त्यांचं पहिलं सबंध वाक्य. डॉक्टरबाई टाळ्या वाजवत होत्या. टाइमकीपरला मात्र कळलं होतं की ही बातमी डॉक्टरबाईंसाठी नाही. चार महिन्यांनी बायकोने त्याला चारचौघांसारखं झापलं होतं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

"होतीस गं," तो म्हणाला. "सांगत होतीस. मीच ऐकलं नाही."

"हो," मास्टरबाई म्हणाल्या, आणि पुढच्या शब्दासाठी पडद्याकडे वळल्या.