मोजपट्टीत न मावणारे धोंडे

माझ्या शेजारच्या टेबलावरचा इंजिनिअर नदीबद्दल डोळे मिटूनच बोलतो. तळाचे दगड पाण्याला किती अडवतात, तेवढं कॉम्प्युटरला सांगितलं की पूर कुठवर चढेल ते कळतं, हे त्याचं रोजचं पालुपद.

अक्कलकुव्याच्या वर डोंगरात एका पाड्याला पूल हवा होता, म्हणून दगड मोजायला मी त्याच्यासोबत गेलो. हातात मावणारा गोटा तो उचलायचा, रुमालाने पुसायचा, हिऱ्यासारखा निरखून मापायचा. बैलाएवढ्या धोंड्यांना मात्र वळसा घालायचा.

“पाणी तर यांच्यामुळेच तुंबतं ना?” एका धोंड्यावर हात ठेवून मी म्हणालो.

“भाऊ, हाऊ दगड नदीना नही शे, डोंगरना शे,” तो त्याच्या अहिराणीत म्हणाला.

काठच्या उंबराच्या फांदीत, आमच्या डोक्याच्याही वर, मागच्या पुराचा काडीकचरा अडकला होता. तो मी दाखवला.

“वाराना कचरा शे तो.”

मग सगळ्यात मोठ्या धोंड्यावर बसून त्याने लॅपटॉप उघडला आणि गोट्यांची मापं भरली. पूर कमरेएवढा निघाला. पूलही तसाच बुटका ठरला.

“आणि बसलात कशावर?” मी विचारलं.

त्याने उठून खाली पाहिलं, रुमाल अंथरला आणि पुन्हा त्याच धोंड्यावर बसला.